रांगेतली डावी चप्पल

या, आत या. फक्त पाय जरा बघून टाका, उंबऱ्याजवळ मी आहे. मी चप्पल बोलतेय, डाव्या पायाची. पलीकडे भिंतीला टेकून डुलकी काढतेय ती माझी जुळी बहीण, उजवी. तुम्ही म्हणाल, चप्पल ती काय आणि तिची कहाणी ती काय! पण एक सांगते, देवापुढे हात जोडून कुणी तुमचं नाव घेतलंय का कधी? माझं घेतलंय. ज्या चपलेला जन्मभर देवाच्या दाराबाहेरच ठेवतात, तिचा विषय थेट देवाजवळ निघाला. म्हणून थोडा भाव खाते झालं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या साच्यात झाला. खाली रबराचा तळ, वर तपकिरी पट्टे आणि अंगठ्यासाठी एक गोल. उजवीला आणि मला एका सुतळीने गळ्यात गळा बांधून खोक्यात घातलं. अंधारात आम्ही दोघींनी एकमेकींना शब्द दिला, की जाऊ तिथे बरोबर जाऊ. पुढे सरकारी लशीने आमची ताटातूट करावी, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

दुकानात आमच्या बाई आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे यजमान होते. दहा जोड काढून झाले तसा यजमानांनी सुस्कारा सोडला. "अगं, पायात घालायच्यात, कपाळाला लावायच्या नाहीत. घे कुठल्याही." बाईंनी ऐकलं नाही. आम्हाला पायात घालून त्या फरशीवर चार पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "याच देता का? आवाज करत नाहीत. मामंजी दुपारी झोपलेले असतात."

तुम्हाला सांगते, रंग बघून निवडलं असतं तर मला इतका आनंद झाला नसता.

घर लहानसं. मामंजी, म्हणजे बाईंचे सासरे. शिंपी होते, आता डोळ्यांनी साथ सोडली म्हणून मशीन झाकून ठेवलंय, पण मापाची पट्टी अजून गळ्यात. वन्स, म्हणजे यजमानांची थोरली बहीण, जिची जीभ मामंजींच्या कात्रीपेक्षा धारदार. यजमान बेकरीत भट्टीवर. एक मुलगी, कॉलेजात शिकणारी, जिचा अंगठा फोनवर असा चालतो की मशीनची सुई लाजेल. आणि बाई स्वतः.

बाईंना नवस बोलायची सवय. मोठमोठे नवस नव्हेत, सोन्याचांदीचे तर नाहीतच. मुलीचा ताप उतरेपर्यंत साखर बंद. यजमानांची रात्रपाळी सुटेपर्यंत चहा बंद. एकदा पाण्याच्या टाकीची चावी हरवली, तर ती सापडेपर्यंत लोणचं बंद. वन्स म्हणायच्या, "हिच्या नवसांनी देवाला काय मिळतं देव जाणे, पण घरात साखर उरते एवढं खरं." बाई नुसत्या हसायच्या. देवाशी त्यांचं अगदी घरगुती होतं. शेजारणीकडे वाटीभर पीठ मागावं तसं त्या मागायच्या, आणि बदल्यात आपलं काहीतरी ठेवून यायच्या.

मग ते आजारपण आलं. सगळ्या गल्लीची दारं बंद झाली आणि आम्ही चपला दारात नुसत्या पडून राहिलो. सुरुवातीला बरं वाटलं, अंग टेकायला मिळालं म्हणून. पण चपलांना काही गोष्टी माणसांच्या आधी कळतात. कोपऱ्यावरच्या दुकानदारांना एका सकाळी गाडीतून नेलं. त्यांच्या चपला दारात तशाच, तोंड बाहेर करून उभ्या. पाऊस आला, ऊन आलं, त्यांना कुणी आत घेतलं नाही. समोरून ते बघताना उजवी मला चिकटून बसायची. बाई रोज संध्याकाळी दार उघडून तिकडे एकदा बघायच्या, आणि मग घरातली डोकी मोजायच्या. मामंजी, वन्स, हे, पोरगी. मोजून झाली की दार लावायच्या.

आणि एका संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं, लस आली! देशभर सगळ्यांना मिळणार. आधी म्हाताऱ्यांना, मग त्यांच्या खालोखाल, मग तरुणांना. बाई तशाच ओल्या हातांनी देवापुढे उभ्या राहिल्या. दार उघडं होतं, मी स्वतः ऐकलं.

"देवा, माझ्या घरातल्या सगळ्यांना सुखरूप लस मिळू दे. तोवर मी पायात चप्पल घालणार नाही."

वन्सनी कपाळावर हात मारला. "अगं, साखर सोड, चहा सोड! चप्पल कशाला? रस्ता तापतो."

"साखर मागच्या वेळी सोडली होती, वन्स. देवाला दर वेळी तेच तेच काय द्यायचं?"

अशी माझी नोकरी गेली. पण नवसाचा मान मोठा. मी उजवीला म्हटलं, "काळजी करू नकोस. घरात माणसं किती? आठवडाभरात पायात परत." चपलेची अक्कल ती केवढी!

पहिल्यांदा नंबर लागला मामंजींच्या वयाचा. तेव्हा गंमत अशी, की आरोग्य केंद्रात लस होती आणि घ्यायला माणूस नव्हतं. नर्सबाई दारोदार हिंडायच्या. आमच्याही दारात आल्या, मलाच ठेचकाळल्या.

"काका, चला ना. औषधाची एक कुपी उघडली की दहा जणांना पुरते, पण उघडल्यावर लगेच संपवावी लागते. नाहीतर फेकायची. नऊ जण बसलेत. तुमच्यासाठी खोळंबलेत."

"मी घाबरत नाही हं," मामंजी आतून म्हणाले. "मी शिंपी आहे. सुईचं मला काय! पण बाई, मी आयुष्यभर सुईच्या या बाजूला राहिलोय. त्या बाजूच्या कापडाचं काय होतं, ते मी रोज बघितलंय."

"कापड ओरडतं का काका?"

"त्याला तोंड नसतं म्हणून."

नर्सबाई गेल्या. मामंजींनी जाहीर केलं की आधी बाकीच्यांचं होऊ द्या, मी परिणाम बघतो. बाई अनवाणीच दूध आणायला गेल्या.

आणि मग एकाएकी वारं फिरलं. गावात कुणाकुणाच्या घरी पुन्हा आजार आला, आणि कालपर्यंत नाकं मुरडणारे सगळे दंडावरची बाही वर करून धावत सुटले. आता माणसंच माणसं, आणि लस गायब. केंद्राच्या दारावर पाटी लागली, "आज लस शिल्लक नाही." पाटी इतके दिवस राहिली की तिच्यावरचा 'आज' पुसट झाला.

शिवाय नाव फोनवर नोंदवायचं. ते युद्ध तर मी उंबऱ्यावरून पाहिलंय.

"बाबा, हिरवा चौकोन आला! जागा आहे!"

"दाब, दाब!"

"दाबला. ओटीपी सांगा!"

"कुठे आलाय?"

"तुमच्या फोनवर!"

"माझा फोन कुठेय?"

"तुमच्या हातात!"

"हां हां. थांब, चष्मा... अगं, माझा चष्मा कुठेय?"

"गेला. लाल झाला."

वन्स कोपऱ्यातून म्हणाल्या, "लग्नाच्या वेळीसुद्धा हा असाच. मुलीकडचे उठून निघाले तेव्हा कुठे हो म्हणाला."

शेवटी एकदाची मुलीच्या फोनवर नोंदणी झाली. पण तिथेही एक गोम होती. एका फोनवर चारच नावं बसायची. मामंजी, वन्स, यजमान, मुलगी. पाचवं घालायला गेलं की फोन लाल अक्षरात नाही म्हणायचा. घरात आता चालणारा फोन तो एकच. यजमानांचा दुसरा होता, तो तोवर भट्टीजवळ ठेवून ठेवून भाजून निघाला होता.

"आई, तुझं कसं करायचं?" मुलीने विचारलं.

"माझं राहू दे गं. माझं मागाहून बघू. आधी तुमची होऊ देत."

"मागाहून म्हणजे बघ हं, मी विसरेन."

"मी आठवण करीन ना," बाई म्हणाल्या आणि कणीक मळायला गेल्या.

फोनवर नाव लागलं तरी टोकन मिळवायला पहाटेपासून रांग. टोकनं थोडी, माणसं उदंड. त्यात लस आज आरोग्य केंद्रात येणार की पलीकडच्या शाळेत, हे लस आल्याशिवाय कुणालाच कळत नसे. नर्सबाईंनाही नाही. बाईंनी त्यावर उपाय काढला. त्यांची नजर आमच्यावर गेली.

"पायात नाहीतच, तर कामाला तरी येऊ देत," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी मला केंद्राच्या रांगेत ठेवलं आणि उजवीला शाळेच्या.

अशी आमची फारकत झाली. संध्याकाळी बाई दोघींना घरी आणायच्या तेव्हा आम्ही दिवसभराच्या बातम्या सांगायचो. उजवीची शाळा बरी होती, तिथे झाड होतं. माझ्या वाट्याला नुसती फरशी.

पण रांग मात्र बघण्यासारखी! तुम्ही कधी वस्तूंची रांग पाहिलीय का? पुढे एक हेल्मेट, घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या एका दादांचं. त्याच्या मागे मी. माझ्या मागे एक वीट, तिच्यावर खडूने आडनाव लिहिलेलं. ती निवृत्त हेडमास्तरांची. त्यांचा वर्गात जसा दरारा, तसा रांगेत विटेचा. तिला कुणी हलवायला धजत नसे. तिच्या मागे एक छत्री, एक रिकामी बरणी आणि कुणीतरी एकदा नुसताच ठेवलेला नारिंगी प्लास्टिकचा मग. आमची मालकमंडळी समोरच्या भिंतीच्या सावलीत बसून गप्पा मारायची, आणि आम्ही उन्हात त्यांचे नंबर धरून. भांडणं झाली तरी माणसांचीच. वस्तूंमध्ये कधी घुसाघुशी झाली नाही. वीट एवढी जड, पण तिने मला एकदाही धक्का दिला नाही.

एकदा मात्र घात झाला. एका कुत्र्याने मला तोंडात धरलं आणि सरळ मैदानाकडे पळ काढला. तुम्हाला सांगते, माझा आंगठा, म्हणजे अंगठ्याचा गोल, तिथेच अर्धा तुटला. बाई अनवाणी मागे धावल्या, पार्सलवाले दादा धावले, हेडमास्तर जागेवरूनच "बस! खाली बस!" असं ओरडले, तर कुत्रं नाही, रांगेतल्या तीन बायका खाली बसल्या. मला सोडवून परत आणेपर्यंत रांगेत एक गृहस्थ माझ्या जागी उभे.

"इथे चप्पल होती," हेडमास्तर म्हणाले. "डावी. माझ्या विटेच्या पुढे."

"पुरावा काय?"

"पुरावा? मी चाळीस वर्षं हजेरी घेतलीय. कोण हजर होतं ते मला विचारता?"

गृहस्थ निमूट नारिंगी मगाच्या मागे जाऊन उभे राहिले. लाळेने भिजलेली मी पुन्हा जागेवर. त्या दिवशी मला माझ्या नंबराचा अभिमान वाटला.

दारावरच्या वॉचमनचं आणि बाईंचं पहिलं बोलणंही मला आठवतं. दुपारची वेळ. पुकारा व्हायची शक्यता होती म्हणून बाई माझ्याशेजारी उभ्या. फरशी अशी तापलेली, की त्या एक पाय उचलायच्या, दुसरा टेकवायच्या, मग तो उचलून पहिला टेकवायच्या. वॉचमन शिट्टी तोंडात धरून बराच वेळ बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"ताई, चप्पल पायात घाला ना."

"नवस आहे."

"काय आहे?"

"चप्पल न घालण्याचा नवस."

वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. "मग आणलीत कशाला?"

"नंबरासाठी."

त्याने शिट्टी खिशात ठेवली. विचार करून करून तो दमला असावा. थोड्या वेळाने त्याने आपल्या पिण्याच्या पाण्यातलं थोडं बाईंच्या पायाखाली शिंपडलं आणि काही घडलंच नाही असं दाखवत दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

एकेक करून घरातली माणसं होत गेली. आधी वन्स. सुई टोचली जात असताना त्यांनी नर्सबाईंच्या माहेरची चौकशी केली. मग यजमान, भट्टीच्या सुट्टीच्या दिवशी. मग पुष्कळ दिवसांनी तरुणांचा नंबर आला तेव्हा मुलगी. दर वेळी बाई देवापुढे दिवा लावायच्या आणि बोटावर मोजायच्या. मामंजी मात्र दर वेळी मापाची पट्टी घेऊन दारात हजर.

"दंड पुढे कर."

"अहो बाबा, काय चाललंय?" यजमान म्हणायचे.

"काल साडेअकरा होता. आज पावणेबारा. पाव इंच सुजलाय. मी नाही घेणार."

वन्स म्हणाल्या, "बाबा, तुमच्या मापाचा एकही ब्लाउज मला आजवर नीट बसलेला नाही. तुमचं दंडाचं माप मी काय म्हणून मानू?"

मामंजींना ते लागलं. दोन दिवस बोलले नाहीत. पण लस घ्यायलाही उठले नाहीत. आज डावा खांदा दुखतोय. उद्या पोटात बरं नाही. परवा टोकन मिळालं, तर म्हणाले त्या नर्सचा हात हलतो, मी लांबून पाहिलंय. टोकन वाया गेलं.

बाई एका शब्दाने रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आम्हाला उचललं आणि रांगेत ठेवलं. पण रात्री भांडी घासून झाली की त्या उंबऱ्यावर बसून टाचांना तेल लावायच्या, तेव्हा मला त्यांचे पाय दिसायचे. ज्या पायांखाली माझा जन्म जायचा, ते पाय. टाचांना भेगा पडलेल्या, बोटांशी फोड आलेले. मी काय करणार? मी त्यांच्यासाठीच होते आणि त्यांनाच चालत नव्हते. एवढंच म्हणत असे, देवा, या म्हाताऱ्याला बुद्धी दे. माझ्याकडे सोडायला काही नाही, नाहीतर मीही नवस केला असता.

आणि देवाने ऐकलं. ऐकलं, पण आपल्या पद्धतीने.

त्या दिवशी दुपारी मामंजी स्वतःच केंद्रावर आले. लस घ्यायला नव्हे, भांडायला. घरी चहा कुणी केला नव्हता. डोक्यावर छत्री, गळ्यात पट्टी. लांबूनच ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. समोर त्यांची सून तापल्या फरशीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती, आणि शेजारी तिचीच चप्पल रिकामी उभी होती.

मामंजी जवळ आले. छत्री बाईंच्या डोक्यावर धरली.

"ही कुणासाठी उभी आहे?" त्यांनी मला छत्रीच्या टोकाने नव्हे, बोटाने दाखवलं. मला ते आवडलं.

"तुमच्यासाठी, मामंजी."

"रोज?"

"रोज म्हणजे... असतेच."

"पाय दाखव."

"काहीतरीच काय, मामंजी!"

"मी शिंपी आहे. दाखव म्हणतो ना."

बाईंनी संकोचून टाच जराशी उचलली. मामंजी वाकले. डोळ्यांनी दिसत नव्हतं तरी त्यांना दिसलं.

"कापड असतं तर दोन टाके घातले असते," ते हळूच म्हणाले. मग एकदम पाठ ताठ करून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, "कुठेय ती सुईवाली?"

त्या दिवशी लस आलेली होती, आणि माझ्या नंबरावर टोकन मिळालं. आत काय झालं ते खिडकीतून ऐकू येत होतं.

"सुई कितव्या नंबरची?"

"सगळ्यात बारीक आहे काका."

"टोक बघू."

"काका, तुम्हाला शिवायचं नाहीये मला. तिकडे बघा."

"मी कशाला तिकडे बघू? मी सरळ... झालं? बस एवढंच? गाठ मारलीत का नाही?"

बाहेर हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

मामंजींना बाकावर थोडा वेळ बसवून ठेवलं, सगळ्यांना बसवतात तसं. तोवर ऊन उतरलं. हेल्मेट गेलं, वीट गेली, छत्री गेली. नारिंगी मग कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. रांगेत मी एकटी.

बाई माझ्याकडे धावत आल्या. खाली वाकून मला पदराने पुसलं. डोळे मिटून म्हणाल्या, "पावलास रे देवा. झाले सगळे." आणि त्यांनी डावं पाऊल माझ्यात घातलं.

काय सांगू! उजवी शाळेत होती, त्यामुळे एकच पाय. पण माझ्या तळाला त्या पावलाचा भार लागला आणि माझा आंगठा तुटलेला आहे हेसुद्धा मी विसरले.

तेवढ्यात दार उघडलं. नर्सबाई बाहेर आल्या. "एक डोस उरलाय! कुपी उघडलीय, थोड्या वेळाने फेकून द्यावी लागेल. कुणी आहे का?"

वॉचमनने इकडेतिकडे पाहिलं. "कोणी नाही सिस्टर. रांगेत ही एक चप्पल तेवढी आहे."

"तिचा माणूस कोण?"

"मीच," बाई म्हणाल्या. "पण आमच्या घरातले सगळे झाले. आजच संपले."

बाकावरून मामंजींनी मान वर केली. दंडावर कापूस दाबून धरलेला. त्यांनी एकेक बोट मिटत मोजायला सुरुवात केली. "मी. ती. तो. पोरगी." चार बोटं मिटली. अंगठा तसाच उभा राहिला. त्या अंगठ्याकडे ते बघत राहिले.

"सूनबाई, तुझं कधी झालं?"

"माझं मागाहून बघायचं होतं, मामंजी."

"नवस काय बोलली होतीस?"

"घरातल्या सगळ्यांना लस मिळू दे."

"मग तू काय शेजारच्या घरातली?"

बाईंचा चेहरा असा झाला, जसं दूध ओतून झाल्यावर लक्षात यावं की भांडंच नव्हतं खाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच पाऊल माझ्यातून बाहेर काढलं आणि मला पुन्हा रांगेत, अगदी सरळ, होती तशी ठेवलं. दोन क्षण घातलेली चप्पल देवाच्या नजरेतून सुटली असेल का, असा त्यांचा चेहरा होता.

"अहो, तुमचा नवस नंतर निस्तरा," नर्सबाई म्हणाल्या. "हात पुढे करा. नोंदणी करते. फोन नंबर?"

"आमच्या फोनवर चार नावं झालीत. तो पाचवं घेत नाही."

"माझ्या फोनमधली जागा मी आधीच संपवलीय. आता?"

वॉचमनने खाकरून घसा साफ केला. शिट्टी काढली, पुन्हा खिशात घातली, आणि दुसऱ्या खिशातून फोन काढला. "माझ्यावर घाला सिस्टर. मी एकटाच आहे. बाकीच्या जागा रिकाम्याच असतात."

अशा रीतीने बाई सरकारदरबारी वॉचमनच्या घरच्या झाल्या. ओटीपी त्याच्या फोनवर आला, त्याने तो असा एकेक आकडा तोलून सांगितला, की जणू काही स्वतःच्या घरचं कार्य आहे.

सुई टोचायच्या वेळी मामंजी बाकावरून उठून आत गेले. "सूनबाई, तू तिकडे बघ. इकडे मी बघतो." आणि त्यांनी बघितलं. पापणी न हलवता. नर्सबाई म्हणाल्या, "काका, आता तुम्ही बसा बरं, तुमचाच रंग उडालाय."

संध्याकाळी यजमान उजवीला शाळेतून घेऊन आले. सगळं कळलं तेव्हा ते दारातच उभे राहिले, हातात ती एक चप्पल धरून.

"मला वाटलं, तुझं झालंय," ते म्हणाले.

"मलाही तसंच वाटत होतं," बाई म्हणाल्या.

वन्सनी चहात साखर घातली आणि कप बाईंच्या पुढे सरकवला. "पी. आणि आता काही सोडू नकोस." मुलीने हळूच जाऊन देवापुढचा दिवा लावला. मामंजींनी मशीनवरचं कापड काढलं, डबीतून जाड दोरा आणि मोठी सुई घेतली आणि मला मांडीवर घेतलं. अंगठ्याच्या तुटक्या गोलाला असे टाके घातले, की कुत्रं काय, काळ आला तरी उसवणार नाहीत. सुई माझ्यातून आरपार गेली. मामंजी म्हणतात ते खोटं नाही, कापडाला तोंड नसतं म्हणून. पण मी हूं की चूं केलं नाही. केंद्राच्या खिडकीत ऐकलं होतं ना, बस एवढंच असतं.

आता मी आहे ती ही अशी. तळ झिजलाय, पट्ट्यावर दातांच्या खुणा आहेत, आंगठा शिवलेला आहे. पुढच्या वर्षी नवा जोड येईल आणि आम्ही मागच्या दारी जाऊ. त्याचं काही वाटत नाही. एक मागणं मात्र आहे. रांगेत कुठे एखादी एकटी चप्पल दिसली तर पायाने सरकवू नका, कुणीतरी कुणासाठी उभं असतं. आणि दार लावताना घरातली डोकी मोजत असाल, तर मोजणाऱ्या माणसालाही मोजा. आमच्या घरी आता संध्याकाळी मामंजी मोजतात, आणि बाईंपासून सुरुवात करतात.

कोण आलं बघा. वॉचमन आहे, दारात, हातात फोन.

"ताई, तुमच्या दुसऱ्या डोसची तारीख आलीये. माझ्या फोनवर. उद्याचीच आहे."

बाई पदर सावरत उठल्या आणि सवयीने देवाकडे वळल्या. हात जोडले. तोंड उघडलं.

"चप्पल घालून!" आतून चौघे एकदम ओरडले.

बाई हसल्या. वॉचमनही हसला. ऐकलंस का गं उजवे, ऊठ. उद्या रांगेत जायचंय. या वेळी दोघींनी, आणि पायात.